चर्चच्या फरशीपासून शनीच्या चंद्रांपर्यंत
खगोलशास्त्रज्ञ जोव्हान्नी दोमेनिको कॅसिनी (१६२५–१७१२)



दरवर्षी राखेचा बुधवार जवळ आला की कुणी ना कुणी आम्हाला हमखास विचारतो, की नाताळ कसा ठरलेल्या तारखेला येतो, मग ईस्टरच दरवर्षी मागेपुढे का सरकतो? उत्तर सोपे आहे. २१ मार्च हा वसंतसंपाताचा, म्हणजे दिवस आणि रात्र सारखी असण्याचा दिवस धरायचा. त्या दिवशी किंवा त्यानंतर येणारी, गणिताने काढलेली पौर्णिमा पाहायची. तिच्या नंतरचा पहिला रविवार म्हणजे ईस्टर. आपला सर्वांत मोठा सण असा सूर्य आणि चंद्र या दोघांना विचारून ठरतो. म्हणून ख्रिस्तसभेला पहिल्या शतकांपासून आकाशाकडे लक्ष ठेवावे लागले.

दुसरा एक प्रश्न मात्र आम्हाला इतका सोपा गेला नाही. काही वर्षांपूर्वी दृढीकरणाच्या वर्गात एका मुलाने आम्हाला विचारले, की ज्या ख्रिस्तसभेने गॅलिलिओला शिक्षा केली तिने विज्ञानाविषयी बोलावेच कशाला? आम्हाला घाई होती, आणि खरे सांगायचे तर थोडा रागही आला होता. ती जुनी गोष्ट आहे, असे म्हणून आम्ही पुढचा धडा घेतला. मुलाने पुन्हा काही विचारले नाही. नंतर तो वर्गालाही येईनासा झाला. ते उत्तर आमच्याकडे उधार राहिले आहे. आज एका माणसाचे चरित्र सांगून ते थोडेफार फेडावे, असे आमच्या मनात आले.

त्या माणसाने चर्चच्या फरशीवर सूर्य मोजला आणि शनी ग्रहाचे चार चंद्र शोधून काढले.

बालपण आणि ज्योतिषाचा नाद

जोव्हान्नी दोमेनिको कॅसिनी यांचा जन्म ८ जून १६२५ रोजी पेरिनाल्दो या डोंगराळ गावी झाला. हे गाव तेव्हा जिनोआच्या प्रजासत्ताकात होते. आज ते इटलीत, फ्रान्सच्या सीमेजवळ आहे. मामांनी त्यांना वाढवले. पुढे जिनोआ येथे येशूसंघीय धर्मगुरूंच्या विद्यालयात त्यांचे शिक्षण झाले. कविता, गणित आणि ज्योतिष या तिन्हींची त्यांना आवड होती.

ज्योतिष म्हणजे येथे फलज्योतिषच समजावे. तरुण कॅसिनींनी त्यावरची पुष्कळ पुस्तके वाचली होती आणि त्यात ते तरबेज झाले होते. गंमत म्हणजे त्यांना पहिली नोकरी मिळाली ती याच विद्येमुळे. बोलोन्याजवळ मार्क्विस कोर्नेलियो माल्वासिया नावाचे एक धनिक होते. त्यांना ग्रहताऱ्यांवरून भविष्य पाहण्याचा छंद होता आणि त्यासाठी त्यांनी स्वतःची वेधशाळा उभारली होती. तिथे काम करायला त्यांनी कॅसिनींना बोलावले.

वेधशाळेत चांगली उपकरणे हाती आली, आणि ग्रह खरोखर कसे चालतात ते पाहता पाहता कॅसिनींचा फलज्योतिषावरचा विश्वास उडाला. पुढे त्यांनी ते जवळजवळ टाकूनच दिले. आपल्याकडे शनी म्हटले की साडेसाती आठवते. रविवारी मिस्सेला येणारी आपली काही माणसे सोमवारी वर्तमानपत्रात राशिभविष्यही वाचतात, हे आम्हाला ठाऊक आहे. कॅसिनीही तिथूनच निघाले होते. पुढच्या आयुष्यात त्यांनी शनीकडे जितका वेळ पाहिले तितका त्या काळी क्वचितच कुणी पाहिले असेल. भीती मात्र त्यांना वाटली नाही. कुतूहल वाटले.

१६५० साली, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, ते बोलोन्या विद्यापीठात खगोलशास्त्राचे प्राध्यापक झाले. त्याच शहरात रिच्चोली आणि ग्रिमाल्दी हे दोन येशूसंघीय धर्मगुरू आकाशनिरीक्षणात मग्न होते. चंद्रावरील डागांना आणि विवरांना आज जी नावे आहेत त्यांतील बरीचशी या रिच्चोलींनी दिलेली आहेत. अशा माणसांच्या सहवासात कॅसिनी घडले.

चर्च झाले वेधशाळा

बोलोन्याच्या मुख्य चौकात संत पेत्रोनियो यांचे भव्य चर्च आहे. १५७०च्या दशकात इग्नाझियो दांती या डॉमिनिकन धर्मगुरूंनी त्या चर्चच्या भिंतीत उंचावर एक छिद्र ठेवले आणि फरशीवर उत्तर-दक्षिण रेघ आखली. दुपारी सूर्य माथ्यावर आला की छिद्रातून येणारा प्रकाशाचा गोल बरोबर त्या रेघेवर पडायचा. हिवाळ्यात सूर्य खाली असतो, म्हणून गोल लांब पडे. उन्हाळ्यात सूर्य वर असतो, तेव्हा गोल जवळ पडे. वसंतसंपाताचा दिवस नेमका कोणता, हे असे फरशीवर वाचता येत असे. पोप तेरावे ग्रेगरी यांनी १५८२ साली पंचांगाची दुरुस्ती केली. त्या वर्षी ४ ऑक्टोबरनंतर एकदम १५ ऑक्टोबर धरण्यात आला. ही दुरुस्ती करणाऱ्या मंडळात दांतीही होते.

पुढे चर्चचे बांधकाम वाढवताना ती भिंतच पाडावी लागली आणि दांतींची रेघ निरुपयोगी झाली. तेव्हा कॅसिनींनी नवी रेघ आखण्याची योजना मांडली. ती पुष्कळांना अशक्य वाटली, कारण चर्च काही उत्तर-दक्षिण बांधलेले नव्हते. सरळ रेघ काढायची तर ती मोठमोठ्या खांबांवर आदळणार, असे लोक म्हणू लागले. कॅसिनींनी मोजमाप करून दाखवले, की रेघ खांबांच्या मधून जेमतेम जाईल. तशी ती गेलीही. १६५५च्या जून महिन्यात, सूर्य सर्वांत उंच असतो त्या दिवसांत, त्यांनी लोकांना ती पाहायला बोलावले. छिद्र फरशीपासून सुमारे २७ मीटर उंच आणि रेघ जवळजवळ ६७ मीटर लांब. ही लांबी त्यांनी पृथ्वीच्या परिघाच्या सहा लाखाव्या भागाइतकी धरली होती. आजही ती रेघ तिथे आहे आणि आजही दुपारी सूर्याचा गोल तिच्यावरून सरकतो.

ईस्टरच्या गणिताला ही रेघ उपयोगी पडलीच, पण कॅसिनींनी तिच्याकडून आणखी एक काम करून घेतले. सूर्य वर्षभर आकाशात सारख्या गतीने सरकत नाही, जानेवारीत तो थोडा जलद आणि जुलैत थोडा मंद असतो, हे जुन्या लोकांनाही माहीत होते. जुने मत असे होते, की गती खरी तर सारखीच आहे, सूर्य जवळ-लांब होतो म्हणून ती कमीजास्त भासते. केपलर यांचे म्हणणे निराळे होते. त्यांच्या मते फरकाचा अर्धा भाग अंतरामुळे भासणारा आणि अर्धा भाग गतीतलाच खरा फरक होता. दोघांचा निवाडा कसा करायचा? जुने मत खरे असेल तर सूर्याचा गोल वर्षभरात लहानमोठा दिसण्याचे प्रमाण दुप्पट असायला हवे. कॅसिनी आणि त्यांचे सहकारी फरशीवरचा तो प्रकाशाचा गोल पुनःपुन्हा मोजत राहिले. उत्तर केपलर यांच्या बाजूने आले. सूर्याच्या आकारातला फरक सुमारे तिसाव्या भागाइतकाच निघाला.

पृथ्वी फिरते की सूर्य, याचा निकाल एवढ्याने लागत नव्हता आणि कॅसिनींनी तसा दावाही केला नाही. पण काळ कोणता होता ते लक्षात घ्या. पृथ्वी सूर्याभोवती फिरते असे प्रतिपादन केल्याबद्दल गॅलिलिओंना १६३३ साली रोममध्ये दोषी ठरवण्यात आले होते. केपलर यांचेही एक पुस्तक निषिद्ध ग्रंथांच्या यादीत होते. आणि तेवीस वर्षेही लोटली नव्हती तोच, पोपच्या राज्यातल्याच एका शहरात, एका चर्चच्या आत, वेदीपासून काही पावलांवर, त्याच केपलर यांच्या सिद्धांताला बळ देणारे मोजमाप होत होते. एकाच ख्रिस्तसभेत हे दोन्ही घडले. त्या मुलाला आम्ही त्या दिवशी निदान एवढे तरी सांगायला हवे होते.

पोपच्या सेवेत

कॅसिनींची कीर्ती रोमपर्यंत गेली. बोलोन्या आणि फेरारा या दोन शहरांमध्ये नदीच्या पाण्यावरून जुने भांडण होते. पावसाळ्यात पूर कुणाच्या शेतात जाणार, हा त्यातला कळीचा प्रश्न. १६५७ साली बोलोन्याची बाजू मांडण्यासाठी कॅसिनी रोमला गेले. पोप सातवे अलेक्झांडर यांना हा तरुण फार आवडला. त्यांनी त्यांच्यावर नद्यांची आणि किल्ल्यांची कामे सोपवली. कॅसिनींनी धर्मगुरू व्हावे, असेही पोप महोदयांना वाटत होते, असे त्यांचे चरित्र लिहिणारे फोंतनेल सांगतात. पण आपल्याला ते पाचारण नाही, हे कॅसिनींनी ओळखले होते. श्रद्धा त्यांनी शेवटपर्यंत जपली, पण प्रापंचिक म्हणून. सर्वांचे पाचारण एकसारखे नसते. दुर्बिणीपाशी रात्र जागवणे हेही कुणाचे तरी पाचारण असू शकते.

दिवसा नद्यांची कामे करून रात्री ते आकाश पाहत. रोममध्ये ज्युझेप्पे काम्पानी नावाचे कारागीर उत्कृष्ट भिंगे घासत. त्यांच्या दुर्बिणींतून कॅसिनींना गुरू ग्रहावर त्याच्या चंद्रांच्या सावल्या सरकताना दिसल्या. गुरू स्वतःभोवती ९ तास ५६ मिनिटांत फिरतो, हे त्यांनी १६६५ साली शोधले. १६६६ साली मंगळाचा दिवस २४ तास ४० मिनिटांचा ठरवला. आजचे आकडे याच्या अगदी जवळ आहेत.

१६६८ साली त्यांनी गुरूच्या चार चंद्रांची कोष्टके छापली. हे चंद्र गॅलिलिओंनी १६१० साली शोधलेले. त्यांचा उपयोग काय, असे कुणालाही वाटेल. गुरूचा चंद्र सावलीत शिरला की तो जगात सगळीकडून एकाच क्षणी दिसेनासा होतो. म्हणजे ते आकाशात टांगलेले एक घड्याळच झाले. पॅरिसमध्ये ही घटना रात्री दहाला दिसली आणि दुसऱ्या एखाद्या गावी अकराला, तर दोन्ही ठिकाणांच्या वेळेत एक तासाचा, म्हणजे रेखांशात १५ अंशांचा फरक. नकाशे काढणाऱ्यांना याहून मोलाची गोष्ट नव्हती. पुढे १६८५ साली फ्रान्सहून पूर्वेकडे निघालेले येशूसंघीय मिशनरी या विद्येची तयारी करूनच जहाजात चढले.

पॅरिसला प्रयाण

या कोष्टकांमुळे फ्रान्सचा राजा चौदावा लुई आणि त्याचे मंत्री कोल्बेर यांचे लक्ष कॅसिनींकडे गेले. पॅरिसला नवी वेधशाळा बांधली जात होती. काही काळापुरती परवानगी घेऊन कॅसिनी निघाले आणि ४ एप्रिल १६६९ रोजी पॅरिसला पोहोचले. ते तिथलेच झाले. १६७३ साली त्यांनी फ्रान्सचे नागरिकत्व घेतले, दुसऱ्या वर्षी विवाह केला. जोव्हान्नी दोमेनिकोंचे जाँ दोमिनिक झाले. १४ सप्टेंबर १६७१ रोजी, म्हणजे पवित्र क्रुसाच्या विजयाच्या सणादिवशी, ते वेधशाळेत राहायला गेले.

पुढे सहा आठवड्यांनी, २५ ऑक्टोबर १६७१ रोजी, त्यांना शनीच्या पश्चिमेला एक अंधुक ठिपका दिसला. तो शनीबरोबर सरकत होता. शनीचा एक चंद्र, टायटन, हॉलंडच्या क्रिस्टियान हायगेन्स यांनी १६५५ साली शोधला होता. हा दुसरा निघाला. आज त्याला आयपेटस म्हणतात.

पण हा चंद्र मोठा लहरी. काही दिवस दिसला आणि नाहीसा झाला. पुन्हा शोधताना वर्ष गेले. २३ डिसेंबर १६७२ रोजी, नाताळ दोन दिवसांवर आला असताना, त्यांना तिसरा चंद्र, रिया, सापडला. पहिलाही पुन्हा दिसू लागला. तेव्हा एक विचित्र गोष्ट ध्यानात आली. आयपेटस सुमारे ७९ दिवसांत शनीला एक फेरी घालतो. शनीच्या पश्चिमेला असताना तो दिसतो आणि पूर्वेला गेला की दिसेनासा होतो. दर फेरीला असेच.

दुसरा एखादा म्हणाला असता, की दुर्बिणीत दोष असेल किंवा नजरेचा भ्रम असेल. कॅसिनींनी तसे मानले नाही. जो पश्चिमेला पुन्हा वेळेवर हजर होतो तो पूर्वेकडून गेलाच असला पाहिजे, आपल्याला दिसो वा न दिसो. मग न दिसण्याचे कारण काय? त्यांनी अनुमान काढले, की या चंद्राची एक बाजू उजळ आणि दुसरी काळपट असावी. शिवाय आपला चंद्र जसा पृथ्वीकडे एकच तोंड करून फिरतो तसा हाही शनीकडे एकच तोंड करून फिरत असावा. म्हणून पश्चिमेला असताना त्याची उजळ बाजू आपल्याकडे येते आणि पूर्वेला काळी.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना, जे दिसते तेवढेच असते का, या प्रश्नावर आम्ही तासन्‌तास वाद घालत असू. कॅसिनींनी वाद घातला नाही. ते वाट पाहत राहिले. दुर्बिणी सुधारत गेल्या, आणि १७०५ साली, ऐंशी वर्षांच्या या म्हाताऱ्याला आयपेटस शनीच्या पूर्वेलाही दिसला. अनुमानाप्रमाणेच तो तिथे कित्येक पटींनी अंधुक होता. एका ठिपक्याच्या दुसऱ्या बाजूसाठी त्यांनी चौतीस वर्षे वाट पाहिली होती.

राजाचे तारे

मधल्या काळात आणखी पुष्कळ काम झाले. १६७२ साली मंगळ पृथ्वीच्या जवळ आला. त्या वेळी जाँ रिशे हे सहकारी दक्षिण अमेरिकेतील कायेन येथे आणि कॅसिनी पॅरिसला, अशी दोन्हीकडून मंगळाची जागा मोजण्यात आली. त्यावरून सूर्य सुमारे १४ कोटी किलोमीटर लांब असल्याचे निघाले. खरे अंतर जवळजवळ १५ कोटी. आपण केवढ्या मोठ्या घरात राहतो याचा अंदाज माणसाला पहिल्यांदा आला. १६७५ साली त्यांना शनीच्या कड्यात एक काळी फट दिसली. तिला आजही कॅसिनींचेच नाव आहे. कडे म्हणजे सलग तबकडी नसून असंख्य बारीक चंद्रांचा थवा असावा, असेही त्यांनी सुचवले. ते खरे ठरले.

मग लांबच लांब दुर्बिणी आल्या. शंभर फुटांहून अधिक लांबीच्या दुर्बिणीला नळी कुठून लावणार? भिंग उंचावर बसवायचे आणि खाली अंधारात हातातल्या भिंगातून त्याची रेषा साधत उभे राहायचे. थंडीत, वाऱ्यात. अशा रीतीने २१ मार्च १६८४ रोजी त्यांना टेथिस आणि डायोनी हे दोन चंद्र सापडले. ज्या तारखेवरून आपला ईस्टर मोजला जातो, तीच ही तारीख.

हायगेन्स यांचा एक आणि कॅसिनींचे चार, असे शनीचे पाच चंद्र झाले. कॅसिनींनी आपल्या चारही चंद्रांना चौदाव्या लुईचे नाव दिले. राजा खूश झाला, पदकही पाडण्यात आले. पण ते नाव टिकले नाही. १८४७ साली जॉन हर्शेल यांनी सुचवलेली ग्रीक पुराणातली नावे जगाने स्वीकारली. आज आकाशात त्या राजाचा एकही चंद्र नाही. नोकराचे नाव मात्र शनीच्या कड्यावर आहे.

भारताशी एक धागा

१६८७ साली फ्रान्सचे वकील म्हणून सियामला, म्हणजे आजच्या थायलंडला, गेलेले दि ला लुबेर यांनी तिथून पंचांगगणिताचे एक हस्तलिखित आणले. त्यात फक्त आकडे आणि कृती होत्या, कारणे दिलेली नव्हती. अमुकाला अमुकाने गुणा, तमुक मिळवा, एवढेच. ते कॅसिनींकडे आले. त्यांनी एकेक आकडा उलगडून दाखवला, की हे चांद्रमासांचे आणि अधिक महिन्यांचे गणित आहे. सियामची ती विद्या मुळात भारतातून गेलेली होती. युरोपच्या विद्वानांना भारतीय ज्योतिर्गणिताचा परिचय होण्यास तिथून सुरुवात झाली, असे म्हणता येईल. आपल्या शेजारच्या घरी दर तीन वर्षांच्या आसपास जो अधिक महिना पाळतात, त्याचे गणित पॅरिसच्या वेधशाळेत ईस्टरच्या गणिताशेजारी बसले होते.

जिथे ते अडले

चरित्र लिहायचे तर चुकाही लिहायला हव्यात.

कॅसिनींच्या वेधशाळेत ओले रोमर नावाचा डेन्मार्कचा एक तरुण होता. गुरूचा आयो हा चंद्र कधी कोष्टकाच्या आधी तर कधी उशिरा सावलीत जाताना दिसतो, हे सगळ्यांच्याच लक्षात आले होते. प्रकाशाला आपल्यापर्यंत यायला वेळ लागतो, म्हणून गुरू लांब असताना घटना उशिरा दिसते, हा विचार १६७६ साली पुढे आला. कॅसिनींनी स्वतःही तो बोलून दाखवला होता. पण नंतर त्यांनी तो मागे घेतला. उरलेल्या तीन चंद्रांच्या बाबतीत हिशेब जुळत नाही, असे त्यांचे म्हणणे. आक्षेप अगदीच पोकळ नव्हता. रोमर मात्र ठाम राहिले. आयो १० मिनिटे उशिरा दिसेल असे त्यांनी आधीच सांगितले आणि नोव्हेंबरात तसेच झाले. तरी कॅसिनी बधले नाहीत. प्रकाशाला वेग आहे हे जेम्स ब्रॅडली यांनी १७२८च्या सुमारास दुसऱ्या मार्गाने सिद्ध केले, तेव्हा कॅसिनी हयात नव्हते.

न्यूटन यांचा गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत १६८७ साली आला. तोही त्यांनी मानला नाही. पृथ्वी ध्रुवांपाशी चपटी आहे, असे न्यूटन यांच्या गणितातून निघत होते. फ्रान्समधील मोजणीवरून कॅसिनी आणि पुढे त्यांचे पुत्र जाक यांना मात्र पृथ्वी ध्रुवांकडे लांबट वाटली. घराण्याची प्रतिष्ठा त्या मोजणीला बांधली गेली. शेवटी १७३०च्या दशकात लॅपलँडला आणि पेरूला मोहिमा गेल्या. आणि फ्रान्समधली मोजणी पुन्हा करून पृथ्वी चपटीच आहे असे कबूल करणारा माणूस कोण होता? कॅसिनींचा स्वतःचा नातू, सेझार फ्रान्स्वा. १७४४ साली त्याने ते छापून प्रसिद्ध केले. आजोबांचा मान त्याने खोट्याला चिकटून राखला नाही. त्यांच्याच पद्धतीने, पुन्हा मोजून, त्याने त्यांना दुरुस्त केले.

आम्हाला या चरित्रातला हा भाग फार महत्त्वाचा वाटतो. जो माणूस न दिसणाऱ्या चंद्रावर चौतीस वर्षे भरवसा ठेवू शकला, त्यालाच दुसऱ्याचे खरे मानणे जड गेले. बुद्धी कमी पडली म्हणून असे झाले नाही. आपली कोष्टके, आपले नाव, आपली सवय यांतून बाहेर येणे शहाण्या माणसालाही कठीण जाते. ख्रिस्तसभेलाही ते कठीण गेले. गॅलिलिओंच्या बाबतीत त्या वेळच्या धर्मशास्त्र्यांचे चुकले, हे पोप दुसरे जॉन पॉल यांनी ३१ ऑक्टोबर १९९२ रोजी जाहीरपणे मान्य केले. १६३३ पासून मोजले तर साडेतीनशेहून अधिक वर्षे लागली. उशीर झाला, हे लपवण्यात अर्थ नाही. पण नातवाने पुन्हा मोजून सांगावे आणि घराण्याने ऐकावे, यात त्या घराण्याची शोभा आहे.

अखेर आणि त्यानंतर

१६९५ साली, सत्तरीत, कॅसिनी एकदा बोलोन्याला आले. संत पेत्रोनियोच्या चर्चमधली रेघ चाळीस वर्षांत झिजली होती, थोडी ढळली होती. त्यांनी ती पुन्हा तपासून नीट करून घेतली. चुकले असेल तर मोजून दुरुस्त करावे, हे दगडाच्या बाबतीत त्यांना सहज जमले.

शेवटची वर्षे त्यांनी अंधारात काढली. त्यांची दृष्टी गेली. गॅलिलिओही म्हातारपणी आंधळे झाले होते. तरी कॅसिनींचा स्वभाव प्रसन्न होता आणि मन शांत होते, असे फोंतनेल यांनी लिहून ठेवले आहे. १४ सप्टेंबर १७१२ रोजी, सत्त्याऐंशीव्या वर्षी, पॅरिसमध्ये त्यांचे निधन झाले. वेधशाळेत राहायला गेले तो दिवस आणि देवाघरी गेले तो दिवस, दोन्ही पवित्र क्रुसाच्या विजयाच्या सणाचे. त्यांच्यामागे मुलगा, नातू आणि पणतू असे तिघे ओळीने त्या वेधशाळेचे काम पाहत राहिले.

त्यांच्या नावाचे यान १५ ऑक्टोबर १९९७ रोजी निघाले आणि २००४च्या जुलै महिन्यात शनीपाशी पोहोचले. त्याने आयपेटसचे जवळून फोटो काढले. एक बाजू बर्फासारखी पांढरी, दुसरी डांबरासारखी काळी. फीबी नावाच्या दूरच्या चंद्रावरून उडालेली काळी धूळ आयपेटसच्या पुढच्या बाजूवर बसत राहते. काळी जागा उन्हाने जास्त तापते, तिथला बर्फ वाफ होऊन निघून जातो आणि ती आणखी काळी होते. दुर्बिणीतून एका ठिपक्याकडे पाहून केलेले अनुमान असे खरे निघाले. त्या काळ्या प्रदेशाला आता कॅसिनींचेच नाव आहे. १५ सप्टेंबर २०१७ रोजी ते यान मुद्दाम शनीच्या वातावरणात सोडून जाळून टाकण्यात आले, कारण इंधन संपल्यावर ते शनीच्या एखाद्या चंद्रावर आदळून तिथे पृथ्वीवरचे जंतू पसरण्याची भीती होती. २०२५च्या मार्चमध्ये शनीचे आणखी १२८ चंद्र जाहीर झाले आणि एकूण संख्या २७४ वर गेली. कॅसिनींना पाच माहीत होते.

आपल्या चर्चमध्येही दुपारी खिडकीतून उन्हाचा एक तुकडा फरशीवर पडतो. धर्मशिक्षणाला आलेली मुले त्यावर पाय ठेवून खेळतात. इथून पुढे आम्ही त्यांना हटकणार नाही. उलट, पुढच्या रविवारी त्याच वेळी तो तुकडा कुठे असेल, तिथे खडूने खूण करा, असे सांगणार आहोत. आणि वर्गात प्रश्न विचारणारा तो मुलगा, आता तरुण झाला असेल, हे पान त्याच्या घरी पोहोचले तर त्याने केव्हाही यावे. या वेळी आम्हाला घाई नसेल.

आपले,
प्रमुख धर्मगुरू